डाव्या अंगाचा बैल

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा ज्या सिनेमाला पाचपैकी पाच तारे दिले, त्याचा निकाल आमच्या घरमालकांनी दोन शब्दांत लावला. "बैल बदलले," ते म्हणाले आणि पेपरची घडी करून तिच्यावर पोह्यांची बशी ठेवली.

तेव्हा मी लातूरला एका शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवत होते आणि रविवारी एका दैनिकाच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणं लिहीत होते. त्या परीक्षणांचा मला केवढा तोरा होता, ते आता सांगतानाही लाज वाटते. 'अवकाश', 'अस्वस्थता', 'मातीशी जोडलेली नाळ' हे शब्द मी सढळ हातानं वापरायची. त्या सिनेमाबद्दल तर मी लिहिलं होतं की आमच्या भागाचं इतकं अस्सल चित्रण पडद्यावर आजवर झालेलं नाही. नायक बैलगाडीतून बहिणीला सासरी पोचवतो आणि रिकामी गाडी घेऊन परत येतो, एवढ्या प्रसंगावर मी अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. बशी नेमकी त्याच परिच्छेदावर होती.

"जाताना पांढरा डाव्या अंगाला हाय," काका म्हणाले, "अन् येताना उजव्या. डाव्या अंगाला शिकलेला बैल जन्मभर डाव्याच अंगाला चालतो, मास्तरीणबाई. उजवीकडं जुंपला तर पाऊल उचलत न्हाई. ज्याला घरचे बैल मालूम न्हाईत, त्याला तुम्ही अस्सल म्हणून राहिल्या."

मी चिडून तो सिनेमा पुन्हा पाहिला. पांढरा बैल खरोखर जाताना डावीकडे होता आणि येताना उजवीकडे. थिएटरातल्या चारशे माणसांत हे फक्त एका माणसाला दिसलं होतं आणि त्याच्याच घराच्या माडीवर मी भाड्यानं राहत होते.

काका मूळचे देवणीकडचे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून सगळी नोकरी झाली. पदवीनं ते डॉक्टर नव्हते, पण गल्ली त्यांना डॉक्टरच म्हणायची. निवृत्त होऊन लातुरात घर बांधलं तेव्हा शहरात त्यांना जनावर म्हणून दिसायची ती रस्त्यातली मोकाट गुरं तेवढी. मग ते टीव्हीकडे वळले, आणि तिथून सिनेमाकडे. माणसं काय करतात याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. नवा सिनेमा लागला की ते जिन्याखालून मला विचारायचे, "जनावर हाय का?" मी नाही म्हटलं की विषय संपला. हो म्हटलं की दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा सदरा घालून काकूंना घेऊन पहिल्या खेळाला हजर.

काकूंचं दुःख वेगळंच होतं. लातुरात आल्यापासून त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. कारण सिनेमातल्या शेवटच्या जनावराचं काम संपलं की काका उठायचे. एकदा मीही त्यांच्यासोबत होते. नायक किल्ल्याच्या तटावर एका हातानं लोंबकळत होता, खाली शत्रू उभा होता, थिएटरात श्वास रोखले गेले होते आणि काका चपला शोधत होते. मी सदरा ओढून खाली बसवायला गेले तर मला म्हणाले, "घोडा पागेत पोचला की सुखरूप. आता काय राहिलं?" रांगेतल्या दहाबारा गुडघ्यांना धडकत आम्ही तिघं बाहेर आलो. नंतर काकू माझ्याकडून गुपचूप शेवट ऐकून घ्यायच्या. भाजी निवडता निवडता मी त्यांना किती नायक वाचवून दिले आणि किती मारले, त्याला गणती नाही.

काकांची मतं पक्की असायची. "हीरो बरा हाय, पण शेळी लई गुणी." "म्हशीला काम येत न्हाई, सारखी क्यामेऱ्याकडं बघती." एका गाजलेल्या सिनेमात नायिका वासराला मिठी मारून रडते, तो प्रसंग पाहून मी हुंदके देत असताना काका अस्वस्थपणे म्हणाले की वासराला गोचिड्या झाल्यात, कुणी बघत कसं नाही. माझे हुंदके तिथंच थांबले आणि त्यानंतर मलाही गोचिड्याच दिसू लागल्या.

मालिकांच्या बाबतीत तर कहर होता. आठच्या मालिकेत पुढे सासू आणि सून एकमेकींचा गळा धरायच्या आणि काका मागच्या गोठ्यात बांधलेल्या गाईकडे डोळे लावून बसायचे. चार भाग झाले तरी गाईपुढची वैरण तेवढीच आहे, बादली पालथी आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वाहिनीला पोस्टकार्ड टाकलं. उत्तरादाखल सासूचा सहीचा फोटो आला. काकांनी दुसरं कार्ड टाकलं की फोटो पोचला, गाईचं काय? पुढच्या आठवड्यात गाय मालिकेतून गायब झाली. मी म्हटलं, काका, तुमच्यामुळे बिचारीचं काम गेलं. ते शांतपणे म्हणाले की दवाखान्यात नेली असेल.

इथपर्यंत मला तो सगळा गमतीचा मामला वाटत होता. सुट्टीत नांदेडला घरी गेले की मी काकांच्या नकला करून आईला हसवायची. मग पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं आणि कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." त्या संध्याकाळी मी भाड्याचं पाकीट द्यायला खाली गेले, तर काका टीव्हीसमोर उभे होते. कुठल्याशा मालिकेत एक बैल उभा होता. काकांनी हळदीतुपाची बोटं पडद्यावर ठेवली, वाकले आणि त्या काचेला आवतन दिलं. बैल गेला, जाहिरात आली. साबणाच्या जाहिरातीतल्या बाईच्या गालावर हळदीचा डाग तसाच राहिला.

मला हसू फुटणार इतक्यात काकूंनी हात धरून मला स्वयंपाकघरात नेलं. तिथं मला चांद्या आणि हरण्या समजले.

देवणीजवळच्या गावी काकांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची सामाईक शेती आहे. भाऊ ती कसतो. त्या घरी ही जोडी होती. दोघांचाही जन्म काकांच्या हातावर झालेला. चांद्या डाव्या अंगाचा, हरण्या उजव्या. मागच्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर शेतातल्या गोठ्यातून चांद्या चोरीला गेला. तक्रार झाली, सगळे बाजार पालथे घातले, काही लागलं नाही. हरण्या मागं राहिला आणि त्याच्या डाव्या अंगाला दुसरा कुठलाही बैल त्याला चालेना. जू ठेवलं की खाली बसायचा. भाऊ म्हणायचा, नुसता उभा बैल किती दिवस पोसायचा, बाजार दाखवू. काका दर वेळी म्हणायचे, एवढा पोळा होऊ दे. "म्हून बघत असतेत टीव्ही," काकू म्हणाल्या. "म्हणतेत, बैल कुठं तरी उभा असंलच की. बाजारात न्हाई सापडला, तर हिकडं दिसंल."

मी वर गेले आणि अर्धवट लिहिलेलं परीक्षण बाजूला ठेवलं. ज्यांच्या नकला करून मी टाळ्या घेत होते, ते काका रोज संध्याकाळी एक हरवलेला बैल शोधत बसत होते.

पुढच्या वर्षी श्रावण लागला तेव्हा भावाचा फोन आला. हा पोळा शेवटचा. पोळा झाला की हरण्या बाजारात, आता दादांनी मध्ये पडायचं नाही. काका हो म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचं टीव्ही पाहणं बदललं. वाहिन्या भराभर बदलायच्या, जेवण हातातच राहायचं. काकूंचा आवडता कीर्तनाचा कार्यक्रमसुद्धा पाठीमागे एखादी गाडी दिसते का म्हणून तपासला जायचा.

पोळ्याला तीन आठवडे राहिले असताना ते घडलं. मी खाली चहा घेत होते. मालिकेतली सून रुसून माहेरी गेली होती. माहेर म्हणजे नदीकाठचं खेडं. ती वडिलांच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यामागे, कडुलिंबाच्या झाडाखाली, दोन क्षण एक बैल दिसला. अंग पांढरं, तोंडाच्या बाजू काळ्या. काका उभे राहिले. काकूंच्या हातातला लसूण सुपात पडला.

मी फोनवर तो भाग काढला आणि तेवढाच तुकडा आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. डाव्या गालावरचा काळा रंग खाली ओघळ आल्यासारखा उतरला होता. कानाची पाळी फाटलेली होती. कानातला सरकारी बिल्ला कुणीतरी ओरबाडून काढला असणार, काका म्हणाले. मी शंका काढली की असे बैल तुमच्या भागात पुष्कळ असतील. काकांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"उभा कसा हाय ते बघा. झाडाखाली एकलाच बांधलाय, सगळी जागा मोकळी. तरी डावीकडं सरकून उभा हाय. उजवीकडं हरण्याची जागा सोडून राहिला."

पडद्यावरच्या अवकाशाबद्दल मी तीन वर्षं लिहीत आले होते. तो खरोखर पाहिला मी त्या संध्याकाळी.

मालिकेतलं माहेर कुठं आहे हे शोधायला कष्ट पडले नाहीत. आईला फोन केला तर ते खेडं नांदेडपासून अर्ध्या तासावर निघालं. आई तर नायिकेसोबत फोटोही काढून आली होती. काकांनी भावाला फोन लावला. पलीकडून भाऊ आधी हसला, मग वैतागला. टीव्हीत कुठं बैल सापडत असतो का, लोक मला वेड्यात काढतील, असं बरंच काही तो बोलला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"परवा सकाळी हरण्याला टेम्पोत घालून तिथं आण," ते म्हणाले. "तो चांद्या नसला, तर तिथूनच हरण्याला बाजारात नेऊ. मी सोबत येतो. अन् घरातला टीव्ही तुला उचलून देतो. जन्मात पुन्हा पडदा बघणार न्हाई."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. हे सगळं खोटं निघालं तर हा माणूस संध्याकाळी कुठं बघत बसणार, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आम्ही सकाळच्या एसटीनं अहमदपूरमार्गे नांदेडला निघालो. काकांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तीत नवं कोरं दावं होतं. मला ते दावं बघवत नव्हतं. मी लोह्यापर्यंत मनात तयारी करत होते की बैल दुसराच निघाला तर काय बोलायचं.

चित्रीकरण जोरात चाललं होतं. छत्र्या, चकचकीत पत्रे, वायरींचं जंजाळ. लिंबाखाली तोच बैल. काका सावकाश त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. बैलानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान फिरवली आणि रवंथ करत राहिला. बैलाचा मालक म्हणजे त्याच गावातला एक पन्नाशीचा शेतकरी. त्यानं सगळं ऐकलं आणि सरळ सांगितलं की आपण हा बाजारातून पावतीनं घेतला, चोरीचं आपल्याला काही ठाऊक नाही. वर म्हणाला, तुमचा असता तर त्यानं तुम्हाला ओळखलं असतं.

"मला कामून वळखंल?" काका म्हणाले. "जन्मल्यापासून सुया टोचल्यात त्याला मी. मला बघून त्यानं कायम तोंडच फिरवलंय. त्याच्या वळखीचा येऊन राहिला टेम्पोत."

मग त्यांनी मालकाला एकच प्रश्न विचारला. हा औताला चालतो का? मालक जरा घुटमळला. नाही चालत, म्हणाला. जू ठेवलं की बसतो. म्हणून तर शूटिंगला दिला, नुसता उभा राहायचं काम. काका माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता.

तेवढ्यात सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं गेलं. नायिका सासरी परत निघते, वडील अंगणात उभे राहतात, असा प्रसंग होता. नायिकेनं रडायला सुरुवात केली आणि वळणावर टेम्पो आला. आत हरण्या होता. तो एकदाच हंबरला.

झाडाखालच्या बैलाची रवंथ थांबली. कान उभे झाले. त्यानं मान खाली घालून असा हिसडा दिला की खुंटाच उपटून आला. मग खुंटा मागे फरफटत तो सरळ चालत निघाला, नायिका आणि तिचे वडील यांच्या मधून, कॅमेऱ्यासमोरून. नायिका रडता रडता बाजूला झाली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला नाही, उलट बैलामागे फिरवला. धाकट्या भावानं टेम्पोची फळी टाकून हरण्याला खाली घेतला होता आणि तो कासरा धरून रस्त्यात उभा होता.

दोन्ही बैलांनी एकमेकांची तोंडं हुंगली. चांद्यानं हरण्याची मान चाटली. मग तो हरण्याला वळसा घालून मागून गेला आणि त्याच्या डाव्या अंगाला जाऊन खांद्याला खांदा लावून उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ओढलं नव्हतं.

मालक घरात गेला आणि जू घेऊन आला. बहुतेक त्याला स्वतःलाच खात्री करून घ्यायची होती. जू समोर आल्यावर दोघांनी आपणहून माना खाली केल्या. मालकानं त्यांना अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. आठ पाय एका तालात पडत होते. परत आल्यावर त्यानं जू काढलं, चांद्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "घेऊन जा. माझ्या दावणीला हा पाव्हणाच होता."

धाकटा भाऊ काकांजवळ आला आणि म्हणाला, "दादा, चांद्या हाय." बस्स, तेवढंच. मालकाला रिकाम्या दावणीनं ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून घरचा एक चांगला, औताला आलेला गोऱ्हा त्याला पोचता करायचं भावानं तिथंच कबूल केलं. पिशवीतलं नवं दावं निघालं.

दिग्दर्शकाला तो सगळा प्रसंग मालिकेत ठेवायचा होता. तो काकांची परवानगी मागायला आला. काकांनी क्षणभर विचार केला. ठेवा, म्हणाले, पण इथून पुढं जनावर दाखवायचं तर त्याच्यापुढं भरलेली बादली दाखवायची. पोस्टकार्डं कोण टाकत होतं, ते वाहिनीला बहुतेक त्या दिवशी कळलं असेल.

तो भाग दाखवला त्या रविवारी माझ्या सदरात मी कुठल्याच सिनेमाबद्दल लिहिलं नाही. दैनंदिन मालिकेच्या एका भागाचं परीक्षण केलं आणि मधून चालत गेलेल्या बैलाला पाच तारे दिले. संपादकांनी फोन करून बरं आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, आता कुठं बरं आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि काकू काकांबरोबर गावी होतो. त्या दिवशी तो भाग पुन्हा दाखवणार होते, म्हणून भावानं टीव्ही ओसरीवर आणून ठेवला होता आणि निम्मं गाव अंगणात जमलं होतं. गर्दीच्या दृश्यात काका एक क्षण दिसले, तसा गलका झाला. डॉक्टर, तुम्ही टीव्हीत आलात, म्हणून पोरंबाळं नाचायला लागली. काका टीव्हीकडे पाठ करून गोठ्यात होते. काकूंनी मात्र तो भाग अगदी शेवटपर्यंत पाहिला, खाली पाट्या सरकायच्या थांबेपर्यंत.

भाऊ हळदीतुपाची वाटी घेऊन काकांकडे आला. दरवर्षी तो स्वतः खांदे मळायचा, या वर्षी त्यानं वाटी मोठ्या भावाच्या हातात दिली. काकांनी आधी हरण्याचा खांदा मळला, मग चांद्याचा. सुयांची आठवण ठेवून चांद्यानं जरा अंग चोरलं, पण उभा राहिला. दोघांच्याही कानात काकांनी आवतन दिलं.

दुसऱ्या दिवशी बैलांची मिरवणूक निघाली, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. दारात आल्यावर काकूंनी जोडीचे पाय धुतले आणि पुरणपोळीचं ताट पुढं केलं. चांद्यानं ताटात तोंड घातलं आणि पहिल्याच घासात निम्मी पोळी उचलली. काका उंबऱ्यात उभे होते. आदल्या दोन पोळ्यांना टीव्हीला आवतन दिल्याचं ऐकून गावात त्यांना कुणी कुणी हसलं होतं, त्यातले बरेच जण समोर होते. भाऊही होता, मीही होते.

"दोन वर्षं काचेवर हात ठेवून आवतन देऊन राहिलो," काका आम्हा सगळ्यांना म्हणाले. "आला का न्हाई जेवायला?"